शेवट बांधून देणाऱ्या राऊतबाई

दोन हजार बावीस साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मी जन्मातली पहिली कादंबरी हातात घेतली, आणि तिचा शेवटच बांधलेला निघाला. मागच्या पानांची जुडी लाल दोऱ्यानं आवळून वर सुरगाठ मारली होती, लहान पोरीच्या रिबिनीसारखी. मला वाटलं, फाटकं पुस्तक माझ्या गळ्यात मारतायत. देणाऱ्या बाई आमच्या फाटकातच उभ्या होत्या.

"फाटलं नाही जी, मीच बांधलं," त्या म्हणाल्या. "तिथपर्यंत वाचा. मग आमच्याकडे चहाला या, खून कोणी केला ते सांगा, अन् काऊन वाटते तेही सांगा. मग मी दोरा सोडीन."

"मला काय शाळेत घालताय का?" मी विचारलं.

"शाळेत शेवट आधीच सांगतात. इथं नाही."

या राऊतबाई. लखनौच्या इंदिरा नगरात आमच्या गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर एकट्या राहायच्या. माहेर-सासर दोन्ही अमरावतीकडचं, मालक रेल्वेत इंजिनिअर होते, ते वारले. मुलगा निखिल शहराच्या दुसऱ्या टोकाला, वृंदावन योजनेत. तो "आई, आता इकडेच ये" म्हणून मागे लागायचा, आणि बाई म्हणायच्या, "माझं कपाट तुझ्या लिफ्टात मावत नाही, बेटा." त्या कपाटात नुसत्या मराठी कादंबऱ्या. नागपूर-पुण्याहून कुणी येणार असलं की बाईंचा त्याला फोन गेलाच, "मिठाई नको आणू. नवीन काय निघालं ते आण."

आणि मी? सातारा जिल्ह्यातला गवंडी, चौथी पास. मुलगा बँकेत, त्याची बदली इथं झाली म्हणून मी इथं. सूनबाई घरी मराठी बोलते, नातू हिंदीत उत्तर देतो, गल्लीत सगळे मला "अंकल जी" म्हणतात. मी कुणाला विचारत नाही आणि कुणाचं ऐकत नाही. अक्षरावर बोट ठेवून वाचतो, तेही दार लावून. पण त्या दोऱ्यानं मला चेव आणला. ते पुस्तक मी संपवलं, चहाला गेलो आणि छाती काढून सांगितलं, "खून भाच्यानं केला. फार गोड बोलतो."

बाईंनी दोरा सोडला. भाचा निर्दोष निघाला. "गोड बोलणाऱ्याले फाशी द्यायची म्हटलं तर आख्खं लखनौ रिकामं होईल ना बाप्पा," म्हणून त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

मग हा नादच लागला. रहस्यकथा असली की खुनी सांगायचा. प्रेमाची असली की लग्न होईल का, आणि व्हावं का, दोन्ही सांगायचं. घरातली गोष्ट असली की म्हाताऱ्या आईला शेवटी कोण बघणार. बाई म्हणायच्या, "खुनाच्या गोष्टीत खोटं बोलणारा शोधा, भाऊ. प्रेमाच्या गोष्टीत खरं न सांगणारा. अन् घरच्या गोष्टीत जो गप बसते ना, त्याच्यावर नजर ठेवा." मी बहुतेक चुकायचो. चुकलो की लेखकाशी भांडायचो.

एकदा तर बाईंशीच भांडलो. मुलाकडे राहायला आलेल्या बापाची गोष्ट होती. मी सांगितलं, हा म्हातारा गावी परत जाणार, स्वाभिमानी आहे. दोरा सुटला, तर म्हातारा तिथंच राहिला, वर सुनेला भाजी निवडून द्यायला लागला. मी पुस्तक टेबलावर आपटलं आणि कितीतरी दिवस त्या बाजूला फिरकलो नाही. मग बाईंनीच सूनबाईकडे निरोप धाडला, "त्यांना म्हणा, मी थोडी लिहिलं ते."

एक गोष्ट मात्र बाई माफ करत नसत. गल्लीतल्या एका बँकेच्या साहेबानं गाठ हळूच सरकवून शेवट वाचला आणि चहावर शहाणपणा केला. बाईंनी ओळखलं. त्या साहेबाला पुस्तक देणं कायमचं बंद. म्हणाल्या, "ज्याले शेवट आधी पाहिजे, त्याले माणसं नको असतात. नुसता निकाल पाहिजे असतो."

गेल्या थंडीत बाईंना चालताना धाप लागायला लागली. हृदयाची झडप खराब झाली होती, ऑपरेशन ठरलं. तेव्हापासून बाई बदलल्या. चहा गार व्हायचा. डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा पुन्हा सांगायच्या, मग मलाच विचारायच्या, "बरोबर होईल ना भाऊ? त्याचा चेहरा काही चांगला नव्हता." मी म्हणायचो, डॉक्टरांचे चेहरे तसेच असतात. घरी येऊन मलाच जेवण जायचं नाही.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मी गेलो, तेव्हा त्या एक कोरी कादंबरी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नागपूरहून नुकतीच आलेली. एका घरातली थोरली मुलगी लग्नाच्या सकाळी नाहीशी होते, तिचा जुना प्रियकर खूप वर्षांनी परत येतो, आणि भावंडांपैकी कुणीतरी काहीतरी लपवतंय. रहस्य, प्रेम, घर, सगळं एकात.

"दवाखान्यात वाचीन," बाई म्हणाल्या. "पण मन लागत नाही. सारखं वाटते, शेवट पाहून घ्यावा."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, या बाईंना आजवर कुणी शेवट बांधून दिलाच नव्हता. त्याच सगळ्यांच्या आधी वाचायच्या. मी घरी गेलो, माझ्या जुन्या पिशवीतली लाइनदोरी आणली. विटांचा थर सरळ यावा म्हणून आम्ही गवंडी ती ताणतो. शेवटचं प्रकरण न वाचता बांधलं आणि वर निरगाठ मारली, चांगली ओढून.

"हे काय करून राहिले?"

"परत या, चहा पाजा, संशय सांगा. मग सोडतो."

"अन् मी परत नाही आली तर?"

"म्हणून तर बांधलं."

बाईंनी पुस्तक पिशवीत टाकलं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी माझ्या मुलानं मला दवाखान्यात भेटायला नेलं. मी आत शिरलो तशी बाईंनी पुस्तक उशीखाली सरकवलं. केसांतला आकडा हातात होता, तो परत केसांत खोचला. चेहरा मात्र शांत. मला वाटलं, औषधाची गुंगी असेल.

"कुणावर संशय?" मी विचारलं.

"ते घरी येऊनच सांगीन. नियम म्हणजे नियम." आणि हसल्या, तशाच, भाच्याच्या वेळी हसल्या होत्या तशा.

दुसऱ्या दिवशी मी फोन समोर घेऊन बसलो. सूनबाई म्हणाली, "बाबा, बघत बसल्यानं तो वाजत नाही." संध्याकाळी वाजला. निखिल म्हणाला, "काका, ठीक झालं, पण अजून आयसीयूत आहे." तरी मी रात्रभर आडवा होऊन छतच बघत राहिलो. बाहेर काढतील, उद्या काढतील, असं चाललं आणि एका सकाळी ताप चढला, मग श्वास. बाई गेल्या.

मला एकच खात होतं. बाई शेवट न कळता गेल्या, आणि ती गाठ माझी. सुटत नाही अशी गाठ मारायची माझी ख्याती. कुणाला सांगायची सोय नव्हती. म्हणतील, म्हाताऱ्याला पुस्तकाचं पडलंय.

तेरावं झाल्यावर निखिल आला. कपाट तो एका वाचनालयाला देणार होता. "काका, हे एक आईनं तुमच्यासाठी बाजूला ठेवायला सांगितलं होतं," म्हणून त्यानं ती कादंबरी दिली. तो जाईपर्यंत मी तिच्याकडे पाहिलं नाही. मग पाहिलं.

लाइनदोरी होती. एका जागी टोकदार काहीतरी घालून उकरल्यासारखी पिंजलेली. आणि वर माझी निरगाठ नव्हती. सुरगाठ होती, रिबिनीसारखी.

"लबाड," मी मोठ्यानं म्हटलं. स्वयंपाकघरातून सूनबाई आली. "काय झालं बाबा?" मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. "काही नाही," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई मेथी निवडत होती. मी समोर बसलो, अर्धी जुडी माझ्याकडे ओढली आणि ती कादंबरी तिच्यापुढे ठेवली.

"आधी तू वाच, शेवटापर्यंत. मग बांधून मला दे," मी म्हणालो. "आणि सुरगाठ मारू नकोस. ती कुणीही सोडतं."