सिस्टरांची पांढरी जीप

नेवासा तालुक्यात जन्मलेला आणि आमच्या शेजारच्या सिस्टरांना न घाबरणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. याला कारण आहे. या भागातल्या निम्म्या माणसांना आयुष्यातली पहिली चापट सिस्टरांनी मारलेली आहे आणि त्यांतली एकही त्या विसरलेल्या नाहीत. आरोग्य खात्यात नर्स म्हणून त्यांनी उभी नोकरी इथंच काढली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी भर बाजारात समोरच्या मिशीवाल्या भाजीवाल्याला त्या सहज म्हणतात, "तू रडायलाच तयार नव्हतास. निळा पडला होतास नुसता." मिशीवाला खाली मान घालतो आणि मेथीची एक जुडी जास्तीची टाकतो. कोण पायाळू जन्मला, कुणाच्या गळ्यात नाळेचा वेढा होता, कुणाची आई कळा देताना कुणाच्या बापाला काय काय म्हणाली होती, हे सगळं त्यांना तोंडपाठ आणि ते कुठं सांगावं याला काही धरबंध नाही. मी इथल्या शाळेत मास्तर म्हणून आलो तो कोल्हापूरकडून, त्यामुळं या बाबतीत सुरक्षित. पण सिस्टरांना त्याचं वाईट वाटतं. "सर, तुमचं मला काहीच माहीत नाही," असं त्या म्हणतात, तेव्हा आपण नीट जन्मलोच नाही की काय, अशी शंका येते.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी सिस्टरांच्या दारात एक ट्रॅक्टर आला आणि त्याच्यामागे दोरखंडानं बांधलेली एक जीप. जीप म्हणायची ती आकारावरून. हूड नव्हतं, काच नव्हती, मागच्या बाकड्याच्या फटीतून लिंबाचं रोप उगवलं होतं. सिस्टर सोनईला भंगारवाल्याकडं जुनं लोखंडी कपाट विकायला गेल्या होत्या. कपाट देऊन ही घेऊन आल्या. आरोग्य केंद्राची हीच जीप, हिच्यातूनच त्या गावोगाव हिंडलेल्या. ओळख कशी पटली, असं मी विचारलं, तर त्यांनी मागच्या फळीवरचा एक वाकडा खिळा दाखवला. "या खिळ्यानं माझी किती लुगडी फाडली," त्या म्हणाल्या, आणि त्या खिळ्यावरून इतक्या मायेनं बोट फिरवलं की मला दुसरीकडं बघावं लागलं.

त्या दिवसापासून जीप ही पेशंट झाली. सिस्टरांनी तिला आधी जंतुनाशक घालून कोमट पाण्यानं अंघोळ घातली. लिंबाचं रोप मुळासकट काढून अंगणात लावलं. मग मेकॅनिकला बोलावणं गेलं. हा चाळिशीचा, पोट सुटलेला, मोठ्या गॅरेजचा मालक. त्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, बॉनेट मिटलं आणि म्हणाला, "सिस्टर, हिच्यात आता काय राह्यलं न्हाई." सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या वेळेला तुझी आजी हेच म्हणाली होती." मेकॅनिक तसाच जीपखाली शिरला, आणि पुढचा महिनाभर त्याचे फक्त पायच आमच्या नजरेला पडत राहिले. तो पायाळू असल्यामुळं यात काही नवीन नाही, असं सिस्टर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तो दिवस मी विसरणार नाही. मेकॅनिक स्टार्टर मारतोय, इंजिन नुसतं कण्हतंय, आणि सिस्टर बॉनेटवर हात ठेवून "घाई नको, दम घेऊ दे तिला" म्हणतायत. मग म्हणाल्या, "आता लाव जोर." काळ्या धुराचा लोट निघाला, गल्लीतली कुत्री पळाली आणि जीप सुरू झाली. सिस्टरांनी पदरानं कपाळ पुसलं आणि सवयीनं घड्याळाकडं पाहिलं.

नगरजवळ जानेवारीत जुन्या जीपवाल्यांचा मेळावा भरतो, ही बातमी मेकॅनिकनंच आणली. पुण्या-नाशिकहून हौशी लोक येतात, जीप डोंगरावर चढवतात, फोटो काढतात. त्याला वाटलं, सिस्टर या खुळाला हसतील. पण त्यांनी वेगळंच विचारलं, "नगर म्हणजे कर्जतहून काही फार लांब नाही ना?" कर्जतचा इथं काय संबंध, ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. मेळाव्याला जायचं मात्र ठरलं.

मग तयारीला ऊत आला. हूडचं कापड आणलं, पण ते शिवायला सिस्टर कुणाला हात लावू देईनात. दोन रविवार मी ताडपत्रीची कड धरून उभा होतो आणि त्या जाड सुईनं एकेक टाका वेगळा बांधत होत्या. "सलग शिवण घातली, तर एक टाका उसवला की सगळे उसवतात," त्या म्हणाल्या. रंगाची गोष्ट त्याहून अवघड. मेळाव्याच्या संयोजकानं फोनवर लष्करी हिरवा सुचवला. सिस्टरांनी त्याला पांढराच, आणि तोही धुरकट, जरा कावीळ झाल्यासारखा सरकारी पांढरा हवा, असं ऐकवलं. बाजूला कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण हवा. पेंटरनं तो टोक वर करून काढला, कारण देवळाचा कळस रंगवायची त्याची सवय. सिस्टरांनी त्याला टोक खाली करायला लावलं आणि वर त्याला मुलं किती, तेही विचारलं. ती पाच निघाली. पेंटर दुसऱ्या दिवशी आलाच नाही. उरलेलं काम त्याच्या भावानं केलं. आणि जीप पहिल्यांदा बाहेर निघाली तेव्हाची गंमत अशी, की पारावर बसलेली म्हातारी मंडळी तो पांढरा रंग आणि तो त्रिकोण पाहून एकेक करून उठली आणि पांगली. ऑपरेशनच्या कॅम्पची जुनी धास्ती त्यांच्या अंगातून अजून गेली नव्हती.

हे सगळं कशासाठी, ते मला कळलं ते एका दुपारी. आमच्याकडं चहा घेताना सिस्टर अचानक म्हणाल्या, "सर, माझ्या वतीनं एक फोन लावा." फोन लावायचा होता कर्जत तालुक्यातल्या एका गावात, या जीपच्या जुन्या ड्रायव्हरला. सिस्टर त्यांना दादा म्हणत. निवृत्त होऊन दादा आपल्या शेतावर राहायला गेले, त्यानंतर दोघांची भेट नव्हती. मी म्हटलं, तुम्हीच बोला की. त्या कप बाजूला सारून सांगू लागल्या.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. तालुक्याच्या पार टोकाच्या एका गावात बाळंतीण अडली होती. सगळं नीट पार पडलं, घरात आनंद झाला, चहा आला. दादा मराठ्यांचे, त्यांना ओसरीवर बसवून कपबशीत चहा दिला. सिस्टरांचा चहा गोठ्याच्या कडेला, वळचणीला ठेवलेल्या वेगळ्या पेल्यात. त्यांच्याच हातांनी त्या घरचं पोर जगात आणलं होतं, ते हात चालले होते. "मी तो पेला घेतला," सिस्टर म्हणाल्या, "तेव्हा मी नवीन होते, बोलायची हिंमत नव्हती. दादांनी ते पाहिलं. कप खाली ठेवला आणि म्हणाले, मला चहा चालत न्हाई."

त्या दिवसानंतर दादांना कुठल्याच गावात, कुठल्याच घरी चहा चालला नाही. ड्रायव्हरला चहा वर्ज्य आहे, हे तालुकाभर झालं. कुणी आग्रह केला तर ते पोटावर हात ठेवून पित्ताचं लांबलचक वर्णन करत. दुसऱ्या आठवड्यापासून सिस्टर घरून थर्मास आणू लागल्या. गावाबाहेर पडलं की दादा एखाद्या झाडाखाली जीप थांबवत आणि दोघं चहा पीत, ते पुढं, सिस्टर मागच्या बाकावर. रोज सकाळी जीपपाशी "जय भीम, बाई" म्हणून ते दार उघडत. एवढंच. "त्या चहाबद्दल आम्ही एकदासुद्धा बोललो नाही," सिस्टर म्हणाल्या. "दादांच्या निरोप समारंभात मी भाषण केलं, त्यात जीपच्या ब्रेकबद्दल बोलले. हे राहूनच गेलं. आता उगाच भेटायला जाऊन काय सांगू? पण जीप आहे म्हटलं तर ते येतील."

मी फोन लावला. मुलानं उचलला. वडील आता फारसे कुठं जात नाहीत, डोळ्यांना धूसर दिसतं, असं तो सांगत होता, तेवढ्यात मागून कुणीतरी फोन मागून घेतला. मी जीपची सगळी हकिकत सांगितली. पलीकडून जाड आवाजात प्रश्न आला, "तिचा पहिला गिअर आजून आडतो का?" मी म्हटलं, अडतो, मेकॅनिकनं हात टेकले. "मंग तीच," दादा म्हणाले. "बाईंना सांगा, येतो."

मेळाव्याच्या दिवशी मेकॅनिकनं जीप चालवली आणि सिस्टर मागच्या बाकावर, गुडघ्याशी पिशवी धरून बसल्या. पुढं बसा म्हटलं, तर म्हणाल्या ती जागा डॉक्टरांची. मग ती मला मिळाली. मैदानावर चकचकीत जीपांची रांग लागली होती; माणसाच्या उंचीची चाकं, गॉगल घातलेले मालक. आमची त्यांच्यात दवाखान्यातून उठून लग्नाला आल्यासारखी दिसत होती. हौशी मंडळी कौतुकानं गोळा झाली, त्रिकोणाशेजारी उभं राहून फोटो काढू लागली. सिस्टरांचं लक्ष फाटकाकडं होतं. सकाळ गेली, जेवणं झाली. सगळ्या जीपा डोंगराच्या वाटेला लागल्या आणि मैदान रिकामं झालं. सिस्टरांनी मेकॅनिकला निघू या म्हणून सांगितलं, तेव्हाच मुलाचा हात धरून, पांढऱ्या टोपीतले एक उंच म्हातारे फाटकातून आत येताना दिसले. एसटी वाटेत बंद पडली होती.

दोघं समोरासमोर उभे राहिले. "जय भीम, बाई," दादा म्हणाले. सिस्टरांनी त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि ऑपरेशन का केलं नाही म्हणून रागवायला सुरुवात केली. काचबिंदूनं गेलेली नजर ऑपरेशननं परत येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार, पण त्या रागवत राहिल्या आणि दादा मान डोलवत राहिले. मग दादांनी जीपवरून हात फिरवत तिच्याभोवती एक फेरी मारली, आणि कुणी काही म्हणायच्या आत ते ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसले. मुलगा पुढं धावला. सिस्टरांनी त्याला हातानंच थांबवलं. मैदान मोकळं होतं. त्या वळसा घालून पलीकडं गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या जीपच्या पुढच्या सीटवर बसल्या.

पहिला गिअर अडला, मग पडला. जीप बैलगाडीच्या वेगानं निघाली. मी, मेकॅनिक आणि मुलगा तिघं शेजारून चालत होतो, न जाणो काही झालं तर. सिस्टर "सरळ... थोडं डावीकडं... दगड आहे, दादा" असं सांगत होत्या. अर्ध्या मैदानात आम्ही मागं राहिलो. पार पलीकडच्या कडेला जाऊन जीप थांबली, इंजिन बंद झालं, आणि दोघं बराच वेळ तशीच बसून राहिली. आम्ही गेलो नाही.

परतताना घोडेगाव आलं. शेवटी मीच मागं वळून विचारलं, चहाचं बोललात का.

"बोलले," त्या म्हणाल्या. "तर म्हणतात, बाई, मला तवा खरंच चहा चालत नव्हता. इतका खोटारडा माणूस मी पाहिला नाही, सर." त्या हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "नंतर त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवला आणि विचारलं, आता कुठं जायाचं, बाई? रोज सकाळी हेच विचारायचे. आणि मी त्यांना गावाचं नाव सांगायची."

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार? नावं सगळी आठवत होती," सिस्टर म्हणाल्या. "पण एकाही गावात आता आमची कुणी वाट बघत नव्हतं."

मेकॅनिकनं गाडी जरा हळू केली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाला तुरे आले होते, आणि सिस्टर त्यांच्यापलीकडं, आत जाणाऱ्या एकेका कच्च्या वाटेकडं, ती मागं पडेपर्यंत बघत होत्या.