कैनाडच्या वाडीवरचा लाल ठिपका

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगायला बसलो, तरी मध्येच उठून दार लावून आलो. कोणाची भीती वाटते, तेही नीट सांगता येत नाही.

माझं काम साधं. डहाणू-तलासरीच्या वाड्यांमधले चिकू टेम्पोत भरून डहाणू रोडच्या गोदामात पोचवायचे, आणि प्रत्येक क्रेटचं स्टिकर मोबाइलने स्कॅन करायचं. तेही वाडीतच, कारण मोबाइल जिथे उभा, त्या वाडीचं नाव क्रेटला लागतं. एखादा माल खराब निघाला तर सगळ्यांचा फेकावा लागत नाही, एकाचाच थांबवता येतो. चांगलीच सोय आहे. मीच ती शेतकऱ्यांना पटवत फिरायचो.

पण तलासरीकडच्या वाड्यांत रेंज नाही. मग मी काय करायचो — तिकडचा माल भरून कैनाडला रमिलावहिनींच्या वाडीत थांबायचो. तिथे रेंज फुल्ल. झाडाखाली बसून त्यांचे आणि तलासरीचे सगळे क्रेट एकदमच स्कॅन करायचो. चिकू तो चिकू, नाव कोण वाचतंय? आळस, दुसरं काय.

आणि एके दिवशी गोदामात एका क्रेटच्या तळाशी कार्बाइडच्या पुड्या सापडल्या — फळ झटपट पिकवायची, बंदी असलेली पूड. गोदामाच्या साहेबांनी फोटो दाखवला, मग स्क्रीनवरचा नकाशा. रमिलावहिनींच्या वाडीवर लाल ठिपका. क्रेट तलासरीचा होता. त्याच्या फुटक्या कोपऱ्याला मीच सुतळी बांधली होती, ओळखणार नाही का? बोललो तर नोकरी जाणार, कदाचित पोलीसही येणार. मी 'हो साहेब' म्हटलं.

वहिनींना सांगायलाही मलाच पाठवलं. त्यांचे क्रेट भरायचा त्यांचा दीर, जानू. थोडी प्यायचा, पण कामात खोट नव्हती.

"वहिनी, मी ती पूड हातात पन नाय धरली," तो म्हणाला.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, मशीन चुकतं का कधी?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "मशीन चुकत नाही."

आणि ते खरंच चुकलं नव्हतं. हेच तर —

जानू त्याच दुपारी कपड्यांची पिशवी घेऊन वापीला निघून गेला. आई नसलेली त्याची मुलगी वहिनींकडेच राहिली. त्यांच्या वाडीतला माल आता आम्ही उचलत नाही. मी मात्र नव्या पोरांना स्कॅनिंग शिकवतो. त्या दिवशी माझा फोन कुठे किती वेळ उभा होता, हे कुठल्यातरी कॉम्प्युटरात असेलच.

परवा कैनाडला वहिनी भेटल्या. मुलगी सोबत होती. बाबा कधी येणार म्हणून तिने विचारलं, तेव्हा वहिनी माझ्यादेखत तिला म्हणाल्या, तुझ्या बापाने लोकांच्या खाण्यात विष घातलं, त्याचं नाव काढू नको.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी टेम्पो सुरू केला.