आबांच्या नळीतला उजेड

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसते. मायक्रोबायॉलॉजी शिकलेली बाई आहे मी... म्हणूनच हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय.

कुपवाडच्या एमआयडीसीत एका छोट्या लॅबमध्ये मी पाणी तपासते. अंधारात उजळणारे जिवंत जिवाणू पाण्यात सोडायचे – उजेड टिकला तर पाणी बरं, मंदावला तर विषारी. गेल्या मे महिन्यात सुट्टीच्या दिवशी मी एकटीच कामावर होते. खोलीवर तरी कोण वाट बघतंय! तेव्हा वडूजकडचे एक म्हातारे मेंढपाळ, आबा, आले, हातात पाण्याची बाटली घेऊन.

"लेकी, आमच्या कारभारणीनं भरल्याली शेवटची बाटली हाय. आता हीरबी आटली."

विहिरीच्या पाण्याला फवारणीच्या औषधाचा वास येतोय, असं बायको म्हणायची. आबांनी मनावर घेतलं नाही. ती पोटाच्या दुखण्यानं गेली.

"म्याच पाजलं गं तिला. इख व्हतं का, येवढंच सांग."

इतक्या शिळ्या पाण्याच्या टेस्टला अर्थ नाही, हे सांगून पाहिलं. ते हलेनात. मग बर्फातून जिवाणूंच्या दोन कुप्या काढल्या – एक शुद्ध पाण्याच्या नळीसाठी, एक त्यांच्या पाण्याच्या नळीसाठी. आबा बायकोबद्दल बोलत होते, मी ऐकत काम करत होते.

दिवा बंद केला. दोन्ही नळ्या सारख्याच उजळल्या. अर्ध्या तासानंतरही उजेड मोजायच्या मीटरवर आकडे जवळपास तेच.

"ह्ये जित्तं हाय?"

"हो आबा. पाणी वाईट असतं तर विझलं असतं."

आबा पटका डोळ्यांना लावून हमसून रडले. मग मी नको नको म्हणेपर्यंत बाटलीतलं उरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं, आणि गेले.

आवरायला घेतलं, तर एक कुपी तशीच. सीलबंद! ऐकण्याच्या नादात त्यांच्या नळीत मी जिवाणू घातलेच नव्हते. परत दिवा बंद केला... शुद्ध पाण्याची नळी उजळलेली, त्यांची काळीकुट्ट.

पिपेटला चिकटून थोडे गेले म्हणावं, तर तेवढ्यानं एवढा उजेड पडत नाही. भास म्हणावा, तर मीटरच्या कागदावर आकडा छापलेला आहे.

आबांचा फोन येतो. "लेकी, आता झोप लागती बघ." टेस्ट झालीच नाही, हे कसं सांगू? पुन्हा करायला ते पाणीही उरलं नाही – नळीतलं मी तेव्हाच भांबावून सिंकमध्ये ओतलं होतं. आणि खरं सांगायचं तर – मला फोन करणारं दुसरं कुणी नाही.

"जेवलीस का?" ते विचारतात.

मी हो म्हणते.