तिसरा रकाना

छावणी भागातले आमचे जर्मनचे सर कमालीचे घाबरट होते. शिकवणी सुरू झाली की दाराची कडी लावायचे, ती ओढून बघायचे आणि तासाभरात आणखी दोनदा उठून बघायचे. बसायचे तेही दाराकडे तोंड करूनच. आम्ही सगळ्या नर्स, जर्मनीत नोकरीला जायच्या तयारीतल्या. आम्हाला हसू यायचं. सर चिडत नसत. "हसा, बेटा," म्हणायचे, "मी भित्राच हाय. पन भीतीचे शब्द माझ्याएवढे कुणाला येत नाय."

ते खरंच होतं. शंका आणि भीती पळवून लावायला इंग्रजीत चार-पाच क्रियापदं आहेत आणि आमच्या पाठ करायच्या शब्दांच्या यादीत ती हटकून असत. जर्मनमध्ये त्या सगळ्यांना पुरेल असा एक शब्द नाही. तिथे शंका पांगवतात, नाहीतर खोलीतलं सामान काढावं तशा बाहेर काढतात. भीती मात्र माणसाकडून घेतात.

"घेतात म्हणजे?" मी विचारलं होतं.

सर तरुणपणी तिकडच्या कारखान्यात फिटर होते. पहिल्या दिवशी मशीनला हात लावायची त्यांची हिंमत होईना. तिथला म्हातारा फोरमन जवळ आला. दिवसभर त्यांच्या हातावर हात ठेवून तो मशीनचा दांडा ओढत राहिला. "शाम को देखा तो त्याचाच हात कापत होता," सर सांगायचे. "माझी घेतली ना त्यानं."

म्हणून आमच्या वहीत तीन रकाने असत. पहिल्यात इंग्रजी, दुसऱ्यात जर्मन आणि तिसऱ्याच्या डोक्यावर 'कुणाची?' ज्याची भीती खरोखर घालवली त्याचं नाव तिथे लिहायचं. नुसत्या पाठ केलेल्या शब्दावर सर बरोबरची खूण करत नसत. माझा तिसरा रकाना कोराच होता. मी कुणाची भीती घालवणार? जर्मनच्या तोंडी परीक्षेत एकदा माझी दातखीळ बसून मी नापास झाले होते. पुन्हा नापास झाले असते तर वैजापूरला परत जाऊन घरचे म्हणतील त्या मुलाशी लग्न करावं लागलं असतं. 

परीक्षेला आठ दिवस राहिले असताना सर आमच्याच हॉस्पिटलात आले, हृदयाच्या ऑपरेशनला. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांना थिएटरकडे न्यायला मीच होते. स्ट्रेचरची दांडी त्यांनी घट्ट धरली होती. थिएटरच्या झुलत्या दाराकडे बघत म्हणाले, "बेटी, या दाराला कडीच नाय."

घाबरले मीही होते. तरी त्यांचा हात हातात घेतला आणि जर्मनमध्ये म्हणाले, "तुमची भीती मी घेते, सर." वाक्य कुठेही अडखळलं नाही. दारापर्यंत मी हात सोडला नाही. त्यांची पकड सैल झाली आणि माझा हात कापायला लागला. तो बघून सर हसले. "व्हय, आता लिही," म्हणाले.

ते परत आले नाहीत.

तोंडी परीक्षेत, समोरचा परीक्षक घाबरलेला पेशंट आहे असं समजून त्याला धीर द्यायला सांगितलं. मला समोर सरच दिसत होते. तेच वाक्य बोलले, रडत बोलले आणि पास झाले. तिसऱ्या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं. खूण करायला कुणी नव्हतं.

आता मी जर्मनीत आहे. ड्युटीवरून आले की खोलीला कुलूप लावते, ओढून बघते आणि जेवता जेवता आणखी दोनदा उठून बघते. शेजारच्या खोलीतली मुलगी हसते. हसू दे. ती भीती सरांची आहे, मी घेतलेली.