तोरणमाळचं पाणी

मुलांनो, तळ्याकाठच्या तुमच्या तंबूचा फोटो काल आला आणि मला तोरणमाळचा तलाव आठवला. मी शाळेत असताना वडिलांनी आम्हाला तिथे दोन दिवस तंबूत राहायला नेलं होतं. परक्या गावचं पाणी बाधतं, म्हणून आईने आमच्या गावाहून, ब्राह्मणपुरीहून, पिण्याच्या पाण्याची कळशी आणली होती.

"हाई पानी सरनं का मी घर जासू," ती म्हणाली.

दुपारी वडिलांचाच पाय लागून कळशी कलंडली. आता घरी परतावं लागणार म्हणून मी धास्तावले; तंबूत झोपायला कसं वाटतं, ते मला पाहायचं होतं. आईने पदरातून तलावाचं पाणी गाळलं, घोटभर प्यायली आणि थबकली.

"गोड शे वं पोरी! आखो एक पेला भर."

आम्ही राहिलो. आता वाटतं, तिलाही राहायचंच होतं. नव्या गावी आधी तिथलं पाणी चाखून पाहायची माझी सवय अजून टिकून आहे.