तीन शून्यं

महमूदभाय एका जागी बसलाय, असं मी चार वर्षांत कधी बघितलं नाय. बिरवाडीजवळच्या कारखान्यात तो बॉयलर सांभाळायचा आणि मी, कापडे गावचा सुनील, त्याच्या हाताखाली कोळसा मारायचो. जेवतानाही हा उभाच. एक हात डब्यात, डोळे तापमानाच्या काट्यांवर. त्याचा नियम ठरलेला. धुराड्याचा काटा भट्टीच्या काट्यापेक्षा वर दिसला, की काटा बिघडला समजायचं. आगीपासून लांब गेलं की धग कमीच होणार, त्यात वाद नाय.

ह्याच नियमापायी त्यानं घरात घोळ घातला.

पंच्याण्णवच्या दिवाळीत ग्रहण झालं. टीव्हीवर काळ्या सूर्याभोवती पांढरी प्रभा दिसली आणि त्याची नववीतली पोर तसनीम त्या प्रभेपायी वेडी झाली. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं तक्ता केला: सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश, बाहेरची प्रभा दहा लाख अंश. प्रदर्शनाच्या सकाळी ती आंघोळीला गेली आणि ह्यानं तक्ता बघितला. पोरीचं हसं होईल म्हणून ब्लेडनं तीन शून्यं खरवडून टाकली. उरले हजार.

परीक्षकांनी विचारलं, तेव्हा तसनीम दहा लाख म्हणाली आणि तक्ता हजार म्हणाला. जिल्ह्याला, अलिबागला, दुसरीच पोर गेली. तसनीम घरी येऊन एवढंच बोलली, "अब्बा, तुमचाच माझ्यावर भरवसा नाय. दहावीनंतर मला सायन्स नको." आणि तिनं बापाशी बोलणंच टाकलं.

मला लय राग आला. भाय, आधी विचारायला काय झालं होतं, असं तोंडावर बोललो त्याला.

मग तो तिच्या शाळेतल्या बाईंना भेटून आला. पोरीचा आकडा बरोबर होता. बाई म्हणाल्या, ती धग चुलीसारखी पसरत वर जात नाय. सूर्याच्या पोटातल्या खळबळीनं चुंबकीय रेषा पिळतात, ताणतात, तुटतात आणि तो जोर वरती उष्णता होऊन सुटतो. नेमका कसा, यावर शास्त्रज्ञांचंही अजून एकमत नाय.

एवढ्यावर ह्याचं समाधान कसलं होतंय! चार दिवस बॉयलरभोवती नुसत्या येरझाऱ्या. हातात पाइपाला बांधायची तार, ती वाकव, उलटी वाकव. तार तट्कन तुटली आणि त्याच्या बोटाला चटका बसला. मुठीतली बाजू मात्र गार. त्यानं मोडलेलं टोक माझ्या मनगटाला लावलं.

"आग कुठं हाय रे, सुनील?"

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर म्हणाला, लुना काढ. कोळशानं काळ्या झालेल्या कपड्यांतच आम्ही शाळेत गेलो. बाईंना विचारून तो नववीच्या वर्गात उभा राहिला.

"तसनीमचा आकडा बरोबर होता. तो मी खोडला. मला वाटलं, आगीतलं मलाच जास्त कळतं."

तसनीम मान खाली घालून बसलेली. मागून एका मुलीनं विचारलं, मग लांब असून जास्त गरम कसं? महमूदभायनं खिशातून तार काढली. हे सगळं कसं सांगायचं ते पाठ करत त्यानं रस्ताभर माझं डोकं खाल्लं होतं. पण आता तार त्यानं तसनीमच्या बाकावर ठेवली.

"ते तिला विचारा."

ती हलेना. आता ही रडते की उठून जाते, काय कळेना. मग तिनं तार उचलली आणि फळ्याकडे जाता जाता, बापाकडे न बघताच म्हणाली, "अब्बा, बसा."

आणि महमूदभाय बसला.