पितांबर आबांचं उपरणं

कळसाडीच्या शाळेत मी नव्याने रुजू झालो, तेव्हा गावकरी श्रमदानाने शाळेचं कुंपण बांधत होते. उन्हामुळे सगळ्यांनी सदरे काढून ठेवले होते. बनियनवर घमेली वाहणाऱ्या एका तरुणाच्या खांद्यावर मात्र उपरणं होतं. ते घसरलं की तो घमेलं खाली ठेवी, उपरणं सारखं करी आणि पुन्हा कामाला लागे. मी विचारलं, तर म्हणाला, वडिलांना अग्नी दिला त्या दिवशी खांदा उघडा केला होता, आता परत नको. तो पितांबर. पुढे सगळ्या गावाचा आबा झाला.

गेल्या वर्षी आबांच्या काखेत आणि पोटात गाठी निघाल्या. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. नेहमीची औषधं पुरी पडली नाहीत, तेव्हा मुंबईच्या एका रुग्णालयात नव्या उपचाराचं ठरलं. कागदपत्रं वाचायला सोबत मी गेलो.

गाठी शोधून त्यांना चिकटणारी प्रतिपिंडं असतात. त्यांना किरणोत्सारी आयोडीन जोडून ती शिरेतून देतात. हे औषध कुणाच्या अंगातून लवकर जातं, कुणाच्या अंगात रेंगाळतं. म्हणून आधी थोडंसं देऊन काही दिवस यंत्राखाली मोजतात आणि त्यावरून खरी मात्रा काढतात. जास्त झाली तर हाडांतला मगज करपतो, कमी पडली तर गाठी राहतात. हे मोजमाप करणारी भाविका निघाली आमच्याच जिल्ह्यातल्या धानोऱ्याची.

दुसऱ्या मोजणीला आकडा अपेक्षेपेक्षा जास्त आला आणि चित्रात गळ्याशी एक ठिपका चमकला. डॉक्टरांना वाटलं, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीनपासून वाचवणारे थेंब आबांनी चुकवले. तसं असेल तर उपचार थांबवावा लागणार होता. थेंब मी स्वतः देत होतो. पण माझं बोलणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

भाविका चित्राकडे बघत राहिली. ठिपका गळ्याच्या मध्यावर, ग्रंथीच्या जागी, नव्हता, थोडा खांद्याकडे पसरला होता. ती आबांजवळ जाऊन वाकली आणि आमच्याकडच्या बोलीत तिने गळ्यात काय आहे ते विचारलं.

"आबा, तुमना गयामा काय शे?"

"मन्हं उपरनं शे, बेटा. त्यामा लोखंड नही शे."

मोजणीआधी त्यांना अंगावरची धातूची वस्तू काढायला सांगितली होती. आबांनी अंगठी काढली, करदोट्यातली किल्ली काढली आणि उपरण्याची घडी गाऊनच्या आत, खांद्यावर सरकवली. त्याच उपरण्याने ते सगळे दिवस घाम आणि तोंड पुसत होते. घामातून, लाळेतून बाहेर पडलेलं औषध त्यात मुरलं होतं.

भाविकाने ते मागितलं. आबांनी ते घट्ट धरून ठेवलं. मग तिने कपाटातून धुतलेला टॉवेल आणला, त्यांच्या खांद्यावर नीट पसरला, आणि नंतर हात पुढे केला. तेव्हा कुठे उपरणं सुटलं.

पुन्हा मोजलं. ठिपका नव्हता, आकडाही उतरला होता. आधीच्या आकड्यावरून औषध अंगात रेंगाळतंय असं वाटून ते अपुरं दिलं गेलं असतं, असं तिने मला नंतर समजावलं. खरी मात्रा पुढच्या आठवड्यात दिली. उपरणं शिशाच्या पेटीत गेलं आणि त्यातले किरण विझल्यावरच परत मिळालं.

गाठी विरल्या आहेत. आबा रोज कापसाच्या शेतात जातात. मुंबईला तपासणीला निघताना उपरणं धनुबाईंकडे, म्हणजे बायकोकडे, ठेवतात आणि खांद्यावर भाविकाचा टॉवेल घेतात.